एका दिवसाची प्रतिज्ञा

प्रतिज्ञा हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे पितामह भीष्माची मूर्ती उभी राहते. व्रत एकदा मुखातून बाहेर पडले की प्राण गेला तरी ते मोडावयाचे नाही, हा आपल्या पुराणांचा आदर्श. सामान्य माणसाचा अनुभव मात्र निराळा असतो. पाडव्याला केलेला संकल्प आषाढीपर्यंत टिकला तरी पुष्कळ, असे आपण विनोदाने म्हणतो. आणि ज्याच्या गळ्यात मद्याचा पाश पडला आहे त्याच्या शपथांची तर गणतीच करू नये. कुलदैवतापुढे नारळ ठेवून किंवा क्रुसापुढे मेणबत्ती लावून सकाळी घेतलेली शपथ तिन्हीसांजेला गुत्त्याच्या उंबरठ्यावर मोडून पडते. लोक त्याला खोटारडा म्हणतात. पण शपथ घेताना तो खोटे बोलत असतोच असे नाही. बहुधा तो अगदी मनापासून बोलत असतो, आणि त्याची शोकांतिका हीच असते.

अशा शेकडो शपथा मोडलेल्या एका मनुष्याने पुढे एक प्रतिज्ञा छत्तीस वर्षे पाळली, आणि ती कशी पाळावी हे जगातील लक्षावधी लोकांना दाखवून दिले. त्याचे नाव विल्यम ग्रिफिथ विल्सन. स्नेही त्याला बिल म्हणत.

अमेरिकेच्या ईशान्येस व्हरमाँट नावाचे डोंगराळ राज्य आहे. तेथील ईस्ट डॉर्सेट या संगमरवराच्या खाणींच्या गावी २६ नोव्हेंबर १८९५ रोजी बिलचा जन्म झाला. विल्सन कुटुंबाचे गावात एक पथिकाश्रम होते आणि तेथील मद्यविक्रीच्या दालनामागील खोलीत हे बालक जन्मले. ज्याचे नाव पुढे मद्यमुक्तीशी कायमचे जोडले जावयाचे होते, त्याच्या जन्मस्थानाची निवड करताना दैवाने थोडी थट्टाच केली म्हणावयाची.

बिलचे बालपण सुखाचे गेले नाही. तो दहा वर्षांचा असताना आईवडिलांचा संसार मोडला. वडील दूर पश्चिमेकडे निघून गेले, आई वैद्यकाचे शिक्षण घेण्यासाठी बोस्टनला गेली, आणि बिल व त्याची धाकटी बहीण डोरोथी ही आजोळी राहिली. आजोबा फेएट ग्रिफिथ यांचा नातवावर मोठा जीव. ते एकदा सहज म्हणाले की, ऑस्ट्रेलियातील आदिवासींखेरीज बूमरँग करणे आणि फेकणे कोणाला साधत नाही. फेकणाऱ्याकडेच परत येणारे हे लाकडी वक्र हत्यार बिलने कधी पाहिलेही नव्हते. तरी तो हट्टाला पेटला. पुस्तके धुंडाळावी, लाकूड तासावे, फेकून पाहावे, फसले की पुन्हा तासावे, असे सुमारे सहा महिने चालले. चांगले लाकूड मिळेना तेव्हा पठ्ठ्याने स्वतःच्या पलंगाची उशाकडील फळी कापली! अखेर एके दिवशी बूमरँग हवेत गिरकी घेऊन परत आले, आणि ते थेट आजोबांच्या डोक्याच्या रोखाने आले असे सांगतात.

हा प्रसंग नीट ध्यानात ठेवावा, कारण मनोनिग्रहाची वाण या मुलात मुळीच नव्हती हे त्यावरून दिसते. माळ्यावर पडलेले मोडके व्हायोलिन त्याने दुरुस्त केले आणि ते वाजवावयास शिकून शाळेच्या वाद्यवृंदात जागा मिळवली. बेसबॉल खेळण्याचे अंग नसताना तासन् तास सराव करून तो संघाचा कप्तान झाला. मनात आणले तर जगात अशक्य असे काही नाही, असा त्याचा ग्रह झाला. परंतु १९१२ साली त्याची प्रिय मैत्रीण बर्था बॅमफर्ड शस्त्रक्रियेनंतर एकाएकी मरण पावली. मृत्यूपुढे कोणाचा हट्ट चालणार? बिल अगदी खचून गेला. अभ्यास सुटला आणि शाळेची अखेरची परीक्षाही वेळेवर पार पडली नाही. जिद्दीने मिळण्याजोगी वस्तू त्याला मिळवता येत असे, पण जे बदलता येत नाही ते सोसण्याची विद्या त्याला कोणी शिकवली नव्हती.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि १९१७ मध्ये अमेरिका त्यात उतरली. बिल सैन्यात अधिकारी झाला. छावणीजवळच्या नगरातील धनिक कुटुंबे या तरुण अधिकाऱ्यांना मेजवान्यांना बोलावीत. खेड्यातून आलेला हा उंच, किडकिडीत, बुजरा तरुण अशा मेळाव्यात कोपरा धरून उभा राही. अशाच एका प्रसंगी कोणी तरी त्याच्या हाती मद्याचा प्याला दिला. दारूपासून दूर राहावे असे त्याला आजवर वाटत आले होते, पण त्या सायंकाळी संकोच विरघळला, जीभ मोकळी झाली, आणि आपण या लोकांतलेच एक आहोत असे त्याला जन्मात प्रथमच वाटले. व्यसनाची वाट दुःखातूनच सुरू होते असे नाही. पुष्कळदा ती अशा लहानशा सुखातून सुरू होते, आणि म्हणूनच ती ओळखू येत नाही.

२४ जानेवारी १९१८ रोजी लोइस बर्नहॅम या सुशिक्षित, धीरोदात्त युवतीशी बिलचा विवाह झाला आणि त्याच वर्षी तो युरोपातील युद्धभूमीकडे निघाला. वाटेत इंग्लंडमधील विंचेस्टरच्या भव्य प्रार्थनामंदिराच्या आवारात त्याने एका सैनिकाची जुनी समाधी पाहिली. अठराव्या शतकातील तो सैनिक उन्हातून तापून आला असता थंड बीअर प्याला आणि त्यातच ताप भरून मेला, असे त्या शिळेवर कोरलेले आहे. बिलने लेख वाचला, त्याला गंमत वाटली, आणि तो पुढे गेला.

युद्धाहून परतल्यावर त्याने रात्रीच्या वर्गात कायद्याचा अभ्यास केला, पण पदवीचे प्रमाणपत्र हाती घेण्याचे राहून गेले ते राहूनच गेले. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात मात्र त्याची बुद्धी चमकली. कंपनीची खरी स्थिती तिच्या कारखान्यात जाऊन पाहिल्याशिवाय भाग विकत घेऊ नयेत, हा विचार त्या काळी नवा होता. १९२५ साली बिल आणि लोइस मोटारसायकलवर तंबू-बिछाना लादून निघाली आणि गावोगावचे कारखाने पाहत हिंडली. त्या अहवालांवर बिलला पैसा मिळाला, मान मिळाला. पण पैशाबरोबर पिणेही वाढत गेले. पुढे ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअरबाजार कोसळला आणि बिलचे सर्वस्व गेले. ती दोघे लोइसच्या वडिलांच्या ब्रुकलिनमधील घरी राहावयास आली. लोइस एका मोठ्या दुकानात नोकरी करू लागली, आणि तिचा पती घरातील पैसे उचलून दारू आणू लागला.

विल्सन कुटुंबात एक मोठे बायबल होते. १९२८ ते १९३० या काळात बिलने त्या धर्मग्रंथाच्या कोऱ्या पानावर, आपण पुन्हा मद्याला शिवणार नाही अशा प्रतिज्ञा पत्नीसाठी स्वहस्ते लिहिल्या. एक मोडली की काही महिन्यांनी दुसरी लिहावयाची, ती मोडली की तिसरी. ते पान आपल्या डोळ्यांपुढे आणा. लिहिणाराचे पत्नीवर प्रेम होते, ईश्वराचे भय होते, आणि ज्या निश्चयाने सहा महिने लाकूड तासले तो निश्चयही त्याच्याच ठायी होता. तरीही एकही ओळ टिकली नाही.

असे का व्हावे? याचे उत्तर त्याला न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांच्याकडून मिळाले. डॉक्टरांनी हजारो मद्यपी तपासले होते. हा केवळ नीतीचा दोष नसून रोग आहे, असे त्यांचे मत होते. अशा माणसाच्या शरीराला मद्य सोसत नाही, पहिला घोट पोटात गेला की पुढचा थांबवणे त्याच्या हाती राहत नाही. आणि मनाला असा काही ध्यास लागलेला असतो की ते तो पहिला घोट घ्यावयास लावल्यावाचून राहत नाही. रोगाचे नाव कळल्याने बिलला हायसे वाटले. आता आपण सावध राहू असे त्याने ठरवले, आणि थोड्याच दिवसांत तो पुन्हा प्यालाच. केवळ ज्ञानानेही काम भागत नाही, हा धडा त्याला असा मिळाला.

नोव्हेंबर १९३४ मध्ये एके दिवशी त्याचा जुना सोबती एबी थॅचर घरी आला. एबी पिण्यात बिलचा जोडीदार होता. बिलने हर्षाने त्याच्यापुढे पेला सरकवला, आणि एबीने तो नाकारला! त्याची मुद्रा प्रसन्न होती, डोळे स्वच्छ होते. एका धार्मिक मंडळाच्या सहवासात आपल्याला मार्ग सापडला असे त्याने सांगितले. आपले दोष कोणापाशी तरी उघड करावे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करावी, निरपेक्षपणे दुसऱ्याच्या उपयोगी पडावे, आणि आपल्या कल्पनेत जो ईश्वर बसेल त्याची प्रार्थना करावी, असा तो साधा मार्ग. बिलला धर्माचे वावडे होते. परंतु समोर बसलेला मनुष्य काल आपल्याइतकाच बुडालेला होता आणि आज तो काठावर उभा आहे, हा पुरावा त्याला नाकारता येईना.

११ डिसेंबर १९३४ रोजी बिल पुन्हा एकदा टाउन्स हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. त्या दिवशीचे त्याचे मद्यपान हे आयुष्यातील अखेरचे ठरले. तेथे घोर निराशेच्या एका क्षणी त्याने, ईश्वर असलाच तर त्याने आपल्याला दर्शन द्यावे, असा आक्रोश केला, आणि खोली प्रकाशाने भरून गेल्याचा व मन अपूर्व शांतीने भरल्याचा अनुभव त्याला आला. आपल्याला वेड तर लागले नाही ना, असे त्याने भीत भीत डॉ. सिल्कवर्थना विचारले. डॉक्टरांनी त्याला धीर दिला आणि जे लाभले आहे ते घट्ट धरून ठेवण्याचा सल्ला दिला. या अनुभवाचा अर्थ ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे लावावा.

गोष्ट येथे संपली असती तर तो एका माणसाचा उद्धार झाला असता. पण बिल उत्साहाने अन्य मद्यपींना उपदेश करीत सुटला. पाच महिने तो गुत्त्यांतून आणि रुग्णालयांतून लोक गोळा करी, घरी आणून जेवू घाली, आणि आपला दिव्य अनुभव त्यांना ऐकवी. त्यांतील एकही मनुष्य सुधारला नाही. निराश होऊन त्याने तसे बोलून दाखवले तेव्हा लोइसने एक गोष्ट त्याच्या ध्यानी आणून दिली: या साऱ्या खटाटोपात बिल स्वतः प्यालेला नव्हता.

मे १९३५ मध्ये एका कंपनीच्या व्यवहारासाठी तो ओहायो राज्यातील ॲक्रन या गावी गेला. व्यवहार फिसकटला, सोबती परतले, आणि मेफ्लॉवर नावाच्या हॉटेलात बिल एकटा उरला. खिशात जेमतेम दहा डॉलर. शनिवारची सायंकाळ, दुसऱ्या दिवशी तिकडचा मातृदिन. हॉटेलच्या दालनाच्या एका टोकास मद्यगृह होते, आणि तेथून हसण्याखिदळण्याचा परिचित आवाज येत होता. दुसऱ्या टोकास टेलिफोन होता आणि त्याजवळ गावातील प्रार्थनामंदिरांची यादी लावलेली होती. एकच पेला घ्यावा, कोणाशी तरी दोन शब्द बोलावे, असे त्याच्या मनात आले, आणि त्याच क्षणी तो भयाने थरारला. पाच महिन्यांत प्रथमच तो खरोखर घसरणीवर उभा होता. तेव्हा त्याला उमगले की, आपण इतरांना वाचवू पाहत होतो तेव्हा आपणच वाचत होतो. या घटकेला आपल्याला प्यालेला सोबती नको, प्यावयाचे थांबवू इच्छिणारा दुसरा मद्यपी पाहिजे. तो वळला आणि टेलिफोनकडे गेला.

एका धर्मोपदेशकाने त्याला काही नावे दिली. फोनवर फोन करीत अखेर तो हेन्रिएटा सायबर्लिंग या सहृदय बाईंपर्यंत पोहोचला. त्यांच्या परिचयाचे एक शल्यविशारद होते, डॉ. रॉबर्ट होलब्रुक स्मिथ. हेही मूळचे व्हरमाँटचेच. दारूपायी त्यांचा व्यवसाय बुडत चालला होता. दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, सायंकाळी पाच वाजता बाईंच्या घरी दोघांची गाठ पडली. आपण पंधरा मिनिटांहून अधिक थांबणार नाही असे डॉक्टरांनी आधीच पत्नीला बजावले होते. ते उठले तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा झाले होते! बिलने या वेळी उपदेश केला नाही. आपण कसे प्यालो, कशा शपथा मोडल्या, घरच्या माणसांना कसे फसवले, एवढेच त्याने सांगितले, आणि ही भेट आपल्या स्वतःच्या रक्षणासाठी आहे हेही सांगितले. उपदेश करणारे डॉक्टरांना पुष्कळ भेटले होते. आपल्याच भाषेत बोलणारा हा पहिलाच.

तरीही डॉक्टर एकदा घसरले. वैद्यकीय परिषदेसाठी ते परगावी गेले आणि पिऊन परतले. काही दिवसांतच त्यांना एक शस्त्रक्रिया करावयाची होती. १० जून १९३५ च्या सकाळी त्यांचे हात कापत होते. ते स्थिर राहावेत म्हणून बिलनेच त्यांना बीअरची एक बाटली दिली. शस्त्रक्रिया पार पडली, पण डॉक्टर कितीतरी वेळ घरी आले नाहीत. घरची माणसे चिंतेत पडली. आणि डॉक्टर काय करीत होते? ज्यांचे ज्यांचे आपण नुकसान केले होते त्यांच्या दारी जाऊन ते क्षमा मागत होते! ती बीअर त्यांच्या आयुष्यातली शेवटची ठरली. १९५० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी पाच हजारांहून अधिक मद्यपींची एक पैही न घेता शुश्रूषा केली असे सांगतात. १० जून १९३५ हाच ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’, म्हणजे अनाम मद्यपींचा संघ, याचा स्थापनादिन मानला जातो.

या संघाची रीत पाहिली म्हणजे बायबलच्या पानावरील शपथा का मोडल्या ते कळते. तेथे आजन्म मद्य सोडण्याची शपथ कोणी घेत नाही. आज, फक्त आजचा दिवस, मी पिणार नाही, एवढाच संकल्प. उद्याचे उद्या पाहता येईल, आणि उद्या उजाडला म्हणजे तोही आज होतो. जन्मभराचे ओझे पाहून ज्याचे पाय लटपटतात, त्यालाही सूर्योदयापासून निजेपर्यंतचे ओझे उचलता येते. दुसरे असे की, हा संकल्प एकट्याने पेलावयाचा नसतो. समदुःखी माणसे एकत्र बसतात, आपली कहाणी सांगतात, दुसऱ्याची ऐकतात, आणि मोह अनावर झाला तर मध्यरात्रीही एकमेकांना हाक मारतात. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या संघाच्या ग्रंथात बिलने हा मार्ग बारा पायऱ्यांत मांडला. मद्यापुढे आपले काही चालत नाही अशी प्रांजळ कबुली ही पहिली पायरी, आणि आपल्याला लाभले ते दुसऱ्या पीडिताला द्यावे ही बारावी. ईश्वराचे स्वरूप प्रत्येकाने आपल्या समजुतीप्रमाणे मानावे अशी मुभा असल्यामुळे हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, नास्तिक हे सारे तेथे एका बाकावर बसू शकतात.

अमेरिकेतील धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्याकडून मोठी देणगी मिळेल अशी १९३८ मध्ये बिलला आशा होती. पण पैशाने हे कार्य बिघडेल असे म्हणून त्यांनी केवळ पाच हजार डॉलर दिले. पुढे बिललाही हे पटले आणि बाहेरची देणगी घ्यावयाची नाही असा संघाचा दंडकच झाला. तसेच प्रसिद्धीचे. सभासदाने वृत्तपत्रांत पूर्ण नाव द्यावयाचे नाही, हा नियम त्याने स्वतःलाही लावून घेतला. १९५४ मध्ये येल विद्यापीठाने देऊ केलेली सन्माननीय पदवी त्याने नम्रपणे नाकारली. बूमरँग जिंकल्यावर टाळ्यांची वाट पाहणारा मुलगा येथपर्यंत आला होता.

बिल काही संत नव्हता. मद्य सुटल्यानंतरही कित्येक वर्षे त्याला खिन्नतेच्या विकाराने ग्रासले होते. सिगारेट मात्र त्याला फार उशिरापर्यंत सोडता आली नाही, आणि अखेर फुप्फुसांच्या विकारानेच त्याचा बळी घेतला. इतकेच काय, अखेरच्या आजारात, शुद्ध हरपत असताना, त्याने परिचारिकांकडे व्हिस्की मागितल्याची नोंद चरित्रकारांनी केली आहे. ती त्याला मिळाली नाही. छत्तीस वर्षांनंतरही ती तहान मेली नव्हती, निजली होती. त्याच्या थोरवीला यामुळे उणेपणा येतो असे मला वाटत नाही. शत्रू जिवंत असताना तेरा हजार दिवस एकेक करून जिंकणे हे शत्रू मेल्यावर स्वस्थ बसण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. २४ जानेवारी १९७१ रोजी, आपल्या विवाहाच्या त्रेपन्नाव्या वाढदिवशी, तो निवर्तला. ईस्ट डॉर्सेटच्या दफनभूमीतील त्याच्या साध्या शिळेवर संघाचा उल्लेखही नाही.

ही चळवळ १९५७ मध्ये भारतात आली. आज सुमारे १८० देशांत तिच्या सभा भरतात. मुंबईत भरतात, तशा आपल्या गोव्यातही भरतात. मराठी मुलखात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यास ‘मुक्तांगण’ उभे केले. पु. ल. देशपांडे यांनी त्यास उदार साहाय्य दिले. तेथेही रुग्णाला आजच्या दिवसाचाच संकल्प शिकवला जातो. लोइसने १९५१ मध्ये मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ हा निराळा संघ काढला, आणि १९५७ पासून त्यातच किशोरवयीन मुलांची ‘अलाटीन’ ही शाखा सुरू झाली.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या भागात काजूचा हंगाम आला की फेणीच्या भट्ट्या पेटतात, आणि गावच्या तिठ्यावर शाळा असो नसो, गुत्ता असतोच. हा लेख वाचणाऱ्यांपैकी काहींच्या घरी सायंकाळी पावलांचा आवाज ऐकून आईचा चेहरा उतरत असेल. त्यांनी एवढे ओळखावे की हा दोष त्यांचा नाही. आपण अधिक गुण मिळवले असते तर वडील प्याले नसते, असे स्वतःला मुळीच लावून घेऊ नये. हा रोग आहे, तो लपवून वाढतो, आणि त्यावर उपाय आहे. विश्वासाच्या वडीलधाऱ्या माणसापाशी, आपल्या शिक्षकापाशी मन मोकळे करण्यात घराची बेअब्रू होत नाही. आणि ज्यांच्या वाट्याला हे दुःख आलेले नाही त्यांनी, तोल जाऊन रस्त्याच्या कडेला पडलेल्या मनुष्याकडे पाहून हसण्यापूर्वी क्षणभर थांबावे. त्या मनुष्यानेही कदाचित आज सकाळीच शपथ घेतली असेल. त्याच्यापाशी निश्चय नव्हता असे नाही. हाक मारावयास जवळ कोणी नव्हते, आणि उद्याचा दिवस अजून उजाडावयाचा आहे.